किहीमकरांचं बाड

किहीम म्हटलं की लोकांना सुरूचं बन आणि पुळण आठवते. मला एक बाड आठवतं. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ साली हातावेगळं केलेलं, बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाचा सबंध इतिहास सांगणारं. ते छापून आलं १९३७ साली, तेही तेल अवीवला. किहीमकर जाऊन तोवर पाव शतक उलटून गेलं होतं.

मधली चाळीस वर्षं ते कागद कोणी सांभाळले असतील? मुंबईचे चाळीस पावसाळे, म्हणजे बुरशी, कसर आणि भिंतीतून चढणारी वाळवी. घर बदललं की आधी टाकून द्यायची वस्तू म्हणजे वाडवडिलांचे कागद. तरी बाड टिकलं. १९३६ साली इम्मानुएल ऑल्सवांगर नावाचे गृहस्थ हिंदुस्थानात आले. यायचं कारण राजकारण; गांधी-नेहरूंना ज्यू मायदेशाची बाजू पटवायची होती. ते काही फारसं साधलं नाही, पण या इतिहासाचं संपादन त्यांनी केलं. त्या दौऱ्याची खरी कमाई मला विचाराल तर हीच.

किहीमकरांनी लिहायला घेतलं त्यामागे कौतुकापेक्षा गरज मोठी होती. १८७५ साली मुंबईत त्यांच्या पुढाकाराने समाजाची शाळा निघाली. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. शाळेला पैसा हवा, आणि परदेशातले धनिक ज्यू विचारणार, तुम्ही कोण? म्हणून १८९२ साली त्यांनी एक छोटं पुस्तक काढलं: अर्धा इतिहास, अर्धं शिक्षणासाठी मदतीचं आवाहन. या समाजाचा लिखित इतिहास असा पावतीपुस्तकाच्या शेजारी बसून लिहिला गेला. मला त्यात कमीपणा वाटत नाही. फुरसतीने लिहिलेल्या इतिहासाला इतकी धग क्वचित असते.

आणि लिहायचं तरी कशावरून? परंपरा सांगते की चौलजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया नवगावच्या किनाऱ्याला लागल्या, पोथ्या सगळ्या पाण्यात गेल्या. तोंडपाठ राहिली ती ‘शेमा’ची प्रार्थना. इतिहासाचं पहिलंच पान ग्रंथ बुडाल्याचं! पुढे ते कोकणात तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवू लागले आणि गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. कागद नव्हता, पण गावोगाव नोंद होती. दिवेकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर, अष्टमकर. रायगड जिल्ह्याचा नकाशाच आडनावांतून फिरत राहिला.

डेव्हिड रहाबीची गोष्टही याच समाजाच्या तोंडून आलेली. बाहेरून आलेल्या या धर्मज्ञाला शंका होती की हे खरेच आपले का. त्याने बायकांसमोर सगळ्या जातींची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. त्यांनी खवले आणि पर असलेली तेवढी उचलली, बाकीची बाजूला सारली. रहाबी कोणत्या शतकातला यावर अभ्यासकांचं जमत नाही, पण गोष्टीतली परीक्षा बघा: दाखला स्वयंपाकघरातून मिळाला.

आणखी एक अडचण या धर्मातच आहे. देवाचं नाव असलेला जीर्ण कागद ज्यू माणूस फेकत नाही, जाळत नाही. माणसासारखा दफन करतो. केवढा आदर, आणि इतिहासकाराच्या दृष्टीने केवढा घात! कैरोच्या जुन्या सिनेगॉगमध्ये असे कागद दफनाला न नेता खोलीतच साठत गेले, म्हणून सॉलोमन शेख्टर यांना ते लाखांच्या घरात सापडले आणि केंब्रिजला गेले. तो हिवाळा १८९६-९७चा. इकडे मुंबईत किहीमकर त्याच सुमारास शेवटची पानं उरकत होते. शेख्टरना आठशे-हजार वर्षांचा ढीग आयता मिळाला; किहीमकरांच्या पुढ्यात म्हाताऱ्यांच्या आठवणी.

छापलेलं जे उरलं त्यातलं एक पान मला फार आवडतं. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्रीची पोथी, म्हणजे हगादा, निघाली. हिब्रू मजकूर आणि सोबत मराठी. तीत चित्रं आहेत. युरोपातल्या हगाद्यांच्या धर्तीवरच काढलेली, पण बेखमिरी भाकरी करायला बसलेल्या बाया लुगडी नेसलेल्या. इजिप्तमधून सुटकेची कथा सांगायची आणि पीठ मळणारी बाई आपल्या शेजारची, हे चित्रकाराला अगदी साहजिक वाटलं असणार. १९६८ साली न्यूयॉर्कला या पोथीची पुन्हा छपाई झाली. किहीमकरांचं पुस्तक तेल अवीवला, हगादा न्यूयॉर्कला. आपल्याकडची पुस्तकं जपायला आपण इतरांकडेच का पाठवतो, हे मात्र कळत नाही.

कागदाची खरी किंमत कळली ती समाजातले लोक इस्राएलला स्थलांतर करून गेल्यानंतर. १९६२ साली इस्राएलच्या प्रमुख धर्मपीठाने विवाह नोंदणाऱ्यांना हुकूम दिला की बेने इस्राएल वधूवरांचं आजोळचं कूळ जमेल तितक्या मागच्या पिढीपर्यंत तपासावं. पेण-पनवेलच्या आजीचा कागद कुठून आणणार? रहाबीने मासळी तरी पुढे ठेवली होती. मंडळी जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरली, धरणं धरली. १९६४ साली तिथल्या संसदेने हे पूर्ण ज्यू आहेत असं बजावलं, आणि हुकमातून त्यांचं नाव निघालं.

मराठी त्यांच्याबरोबर तिथवर गेली. इस्राएलमध्ये नोहा मस्सील यांच्या संपादनाखाली ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं. उद्या या समाजाचा पुढचा किहीमकर लिहायला बसला, तर त्याला पहिल्यांदा ते अंक लागतील. ते चाळायला त्याला इस्राएल गाठावं लागू नये. मुंबई-पुण्याच्या एखाद्या ग्रंथालयाने त्यांचा पूर्ण संच मिळवावा, जमलं तर अलिबागच्यानेही. बांधणीला आणि कपाटाला येणारा खर्च एका स्मरणिकेच्या छपाईहून जास्त नसावा.