चिल्ल्याचे चाळीस दिवस

प्रीएक्लॅम्पसिया हा शब्द आमच्या मोहल्ल्यात कुणी उच्चारत नाही. दवाखान्यात 'बीपी वाढलंय' एवढंच सांगतात. घरातल्या वडीलधाऱ्या बायका 'बदन पे पानी चढ्या' म्हणतात. दोन्ही नावांनी दुखणं किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात ते आई आणि बाळ दोघांचाही जीव घेऊ शकतं, आणि सुरुवातीला ते मुळीच दुखत नाही. म्हणून त्याविषयी लिहायला हवं असं आम्हाला वाटतं.

गरोदरपणाचे 20 आठवडे उलटल्यावर रक्तदाब 140/90 किंवा त्याच्या वर जातो आणि बहुधा लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. या आजाराचं मूळ वारेत असतं. वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या नीट तयार झाल्या नाहीत, तर त्याचा परिणाम आईच्या साऱ्या शरीरावर होतो. मूत्रपिंड, यकृत, डोळे, मेंदू यांना इजा पोहोचते. झटके आले की त्यालाच एक्लॅम्पसिया म्हणतात. पहिलटकरणीला हा धोका अधिक असतो.

2015 च्या रमजानमध्ये आम्हाला आठवा महिना लागला होता. वय चोवीस. घर चिखलीत, आणि मुलीचे अब्बा चाकणला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. पाय सुजले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पहली बार है बेटी, पाँव तो सुजतेच." त्यांचं अगदीच चूक नव्हतं. पाय बहुतेक गरोदर बायकांचे सुजतात. पण आमच्या बोटातली अंगठी निघेना, सकाळी उठल्यावर चेहराही सुजलेला दिसायचा. रोजे आम्ही ठेवत नव्हतो. गरोदर बाईला तेवढी सवलत शरीयतने दिलीच आहे. सहेरीच्या स्वयंपाकाला मात्र उठत होतो. त्यामुळे डोकं दुखू लागलं तेव्हा सगळ्यांनी जागरणाला बोल लावला. त्याच्या आधीच्या महिन्यात एका खासगी दवाखान्यात तपासायला गेलो होतो. तिथं वजन घेतलं, गोळ्या लिहून दिल्या, पण दंडाला बीपीचा पट्टा काही बांधला नाही.

मग एका दुपारी उर्दूचं पुस्तक वाचताना नसलेले नुक्ते दिसू लागले. बे खाली एकच नुक्ता असतो, आम्हाला तीन-चार दिसत होते, आणि तेही चमकणारे. पालिकेच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बीपी दोनदा मोजलं. 170/110. लघवीच्या पट्टीचा रंग बदलला. त्यांनी तिथूनच रुग्णवाहिका बोलावली.

मुलीच्या अब्बांना निरोप पोहोचायला अडीच तास लागले. कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करावा लागतो आणि पहिल्या पाळीचं काम मध्येच सोडता येत नाही. निरोप मिळाल्यावर ते निघाले, तर पाळी सुटण्याची वेळ, नाशिक रस्त्यावर मोशीपर्यंत कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग. त्या दिवसाची हजेरी ठेकेदाराने कापली. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात ठेक्यावर राबणाऱ्या माणसाच्या घरी बाळंतपण म्हणजे असंच असतं.

मोठ्या इस्पितळात बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, आणि झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट. ते अंगात गेलं की पायापासून डोक्यापर्यंत ऊन ऊन लाट जाते. पुढचा डोस देण्याआधी दर वेळी गुडघ्यावर हातोडी मारून बघत, श्वास मोजत, लघवी किती झाली ते लिहून ठेवत. ते काय चाललंय हे तेव्हा कळलं नाही. नंतर वाचून समजलं की हा एक साधा, स्वस्त क्षार आहे. 33 देशांतल्या दहा हजारांवर बायकांवर झालेल्या अभ्यासात तो दिल्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. 2002 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी ढाक्याच्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या लहान चणीच्या बायकांसाठी कमी मात्रेची पद्धत मांडली होती.

27व्या रोज्याला सिझेरियन झालं. मुलगी 1 किलो 400 ग्रॅमची. ती काचेच्या पेटीत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आणि ईद तिथंच झाली. सातव्या दिवशी आम्हाला घरी सोडलं. मुलगी इस्पितळातच राहिली.

घरी आलो आणि चिल्ला सुरू झाला. चाळीस दिवस बाळंतिणीने बाहेर पडायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही, कानाला रुमाल, हातात हरीरा. या चालीची आम्ही थट्टा करणार नाही. गरिबाघरच्या बाईला आयुष्यात सक्तीची विश्रांती मिळते ती याच चाळीस दिवसांत. पण नवव्या दिवशी पुन्हा डोकं ठणकू लागलं आणि घरातल्या बायका म्हणाल्या, "कमजोरी है, हवा लगी होगी." आजार गेलाच असं सगळ्यांनी धरलं होतं. वार पडली, आता कसलं बीपी?

सासऱ्यांना बीपीचा जुना त्रास. त्यांचं यंत्र कपाटावर असे, आणि फजरची नमाज झाली की रोज त्यांचं बीपी मोजलं जाई. त्या दिवशी त्यांनीच ते यंत्र आमच्या खोलीच्या दारात आणून ठेवलं आणि सासूबाईंना म्हणाले, "पहले बहू का देखो." 164/108 निघालं. त्याच रात्री परत इस्पितळ, आणि पुढे सहा आठवडे गोळ्या.

वार पडल्यावरच हा आजार ओसरू लागतो हे खरं, पण तो लगेच जात नाही. प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात रक्तदाब पुन्हा चढू शकतो, आणि झटके नंतरही येऊ शकतात. डॉक्टर बाळंतपणानंतरचे 42 दिवस धोक्याचे मोजतात. आपल्या आजी-नानींनी चाळीस मोजले. फरक दोनच दिवसांचा. बाई या दिवसांत नाजूक असते हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं, रक्तदाब मोजायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. आता ते घरोघरी म्हाताऱ्यांच्या उशाशी आहे.

आमच्या शाळेत पालक सभेला आया येतात, तेव्हा अभ्यासाचं बोलून झालं की आम्ही एवढंच सांगतो. तपासणीला गेल्यावर बीपीचा आकडा आपल्या कार्डावर लिहून घ्या. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, तिथं जा. न उतरणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली उजवीकडे कळ, चेहऱ्यावर अचानक सूज, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. 160/110 दिसलं तर 108 ला फोन करा. पुढच्या खेपेला दिवस राहताच डॉक्टरांना मागचं सगळं सांगा. गरज वाटली तर ते सुरुवातीपासूनच अॅस्पिरिनची छोटी गोळी देतात. आणि बाळंतपण होऊन वर्षं लोटली तरी अधूनमधून बीपी तपासत राहा, कारण अशा बायकांना पुढे रक्तदाबाचा आणि हृदयाचा त्रास होण्याचा संभव जास्त असतो.

मागच्या सभेनंतर एक आजी थांबल्या. त्यांच्या सुनेचा चिल्ला चालू होता. त्यांनी विचारलं, "वो पट्टा दाहिने हाथ को बाँधना के बाएँ को?" आम्ही त्यांना बाकावर बसवलं आणि बांधून दाखवला.