बशीतली खानेसुमारी

नाशिकच्या रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या जुन्या वह्यांत ज्यांनी आपल्या पणजोबांची सही शोधली असेल, त्यांना सूक्ष्मजंतूंच्या गणनेचे शास्त्र फारसे परके वाटू नये; कारण बशीतल्या थरावर उमटणारा प्रत्येक ठिपका म्हणजे एक कूळच असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या कोणा एका मूळपुरुषापासून दुपटी-दुपटीने वाढत एक-दोन दिवसांत लक्षावधींच्या घरात गेलेले.

या विद्येचे माहेर निम्मे स्वयंपाकघरातले आहे. रॉबर्ट कॉख यांच्या बर्लिनच्या प्रयोगशाळेत जंतू जिलेटिनवर वाढवीत, आणि उष्म्याने ते पाघळले की साऱ्या कुळांची सरमिसळ होऊन जाई; तेथे काम करणारे वाल्टर हेसे यांना १८८१ साली त्यांच्या पत्नी फॅनी यांनी, मी जेलीसाठी वापरते ते अगार घेऊन पाहा, असे सुचविले. आपल्या वाण्याकडे चायना ग्रास म्हणून मिळते ते हेच. एकदा गोठले की सुमारे ८५ अंशांवाचून वितळत नाही, म्हणून नाशिकच्या वैशाखातही ढळत नाही. कॉख यांनी १८८२ च्या निबंधात अगारचा उल्लेख केला, फॅनीबाईंचा केला नाही. १८८७ साली झाकणाची बशी योजणारे पेत्री मात्र नावानिशी अजरामर झाले. दप्तरातून गहाळ होणाऱ्या नोंदी बहुधा स्वयंपाकघरातल्याच असतात.

आमच्या भाचीने शाळेच्या प्रदर्शनासाठी मटणाच्या अळणी पाण्यात चायना ग्रास शिजवून, कुकरात निर्जंतुक करून, काचेच्या बशांत ओतले. रामकुंडाचे एक भाग पाणी नऊ भाग उकळून निवविलेल्या पाण्यात मिसळायचे, त्यातले एक भाग पुन्हा नऊ भागांत, असे तीनदा केले, शेवटचे पाणी बशांतल्या थरावर पसरले, आणि बशा चिकटपट्टीने बंद करून, आतली वाफ थरावर ठिबकू नये म्हणून पालथ्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पाहतो तो एकीत लिंबाच्या सालीसारखे पिवळेधमक, तुकतुकीत, काठ रेखीव असलेले ठिपके, आणि शेजारी एक मळकट पांढरा, सुरकुतलेला, ज्याने शेजाऱ्यांच्या हद्दीत बेलाशक अतिक्रमण केले होते. मोजलेल्या प्रत्येक ठिपक्यामागे काचेवर शाईचे टिंब द्यावयाचे, म्हणजे दुबार नोंद होत नाही. तीसपेक्षा कमी वा तीनशेपेक्षा अधिक ठिपक्यांची बशी हिशेबात धरावयाची नाही. आलेल्या आकड्याला हजाराने गुणायचे मला सांगता आले, एवढाच माझा हातभार.

“पण मामा, हे सगळे नाहीतच,” ती म्हणाली. “शंभरात नव्याण्णव तर उगवतच नाहीत.”

खरेच होते. ज्यांना हा रस्सा मानवत नाही, ज्यांना हवाच सोसत नाही, ते वहीत येत नाहीत, जसे कुंडावर कधी न आलेले यजमान येत नाहीत. आणि एकमेकांना बिलगून आलेल्या दोघांची नोंद एकाच खात्यावर पडते. गोषवाऱ्याच्या तळाशी तिने शेरा मारला : “ही केवळ हजर असलेल्यांची मोजणी.” मग साऱ्या बशा, पट्टी न सोडता, पुन्हा कुकरात गेल्या, आणि तो कुकर आमच्या स्वयंपाकघरातून कायमचा बडतर्फ झाला.