काठावर पास

शाळेत ३५ मार्क मिळाले की मुलगा 'काठावर पास'. पेढे वाटायचे नाहीत, पण रडायचंही नाही. साखरेच्या रिपोर्टकडे बघून डॉक्टर 'बॉर्डरलाइन' म्हणाले, की आपल्या घरांतून नेमकं हेच होतं. पास झालो ना, मग झालं!

माझा धाकटा भाऊ परवा फोनवर असंच म्हणाला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी ती एचबीए१सी तपासणी त्याने केली, आकडा आला ६.१. "ताई, साडेसहाच्या आत आहे, अजून काही झालेलं नाही." तो हा ब्लॉग वाचतो, म्हणून उत्तर इथेच देते. बाकीच्यांनीही ऐकावं, कारण ५.७ ते ६.४ या काठावर आपल्या नात्यात बरेच जण बसलेले आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात मधुमेही १० कोटी १० लाख, आणि काठावरचे १३ कोटी ६० लाख!

मी मराठी शिकवणारी बाई, शास्त्र माझा विषय नव्हे. पण नातीकडून समजून घेतलं ते आपल्या भाषेत सांगते. कोकणातल्या घरांची पावसाआधी शाकारणी व्हायची, आठवतं? गडी वर चढून फुटकी कौलं काढायचे, नवी बसवायचे. आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराचीही अशी शाकारणी सतत चालू असते. त्या कामाला हातभार लावणाऱ्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, हाडांच्या मगजात राहतात. तिथून थोड्या थोड्या रक्तात उतरतात, फिरतात, जिथे इजा तिथे जातात. असतात अगदी मोजक्या, हजारो पांढऱ्या पेशींत एखाददुसरी. मोठ्या माणसाच्या रक्तात अशा पेशी असल्याचं असाहारा या जपानी शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलं. त्या स्वतः कौल होऊन बसतात की नुसती कौलं बसवून घेतात, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. बहुतेक जणी दुरुस्तीचे निरोप देण्याचं काम करतात, असं आता मानतात.

आता काठाची गोष्ट. इटलीत पादोवा विद्यापीठातले डॉ. फादिनी यांच्या गटाने लोकांना ग्लुकोज पाजून साखर मोजली आणि या पेशीही मोजल्या. निरोगी माणसांच्या मानाने काठावरच्या लोकांत पेशी कमी! म्हणजे मधुमेहाचा शिक्का बसायच्या आधीच गडी कमी झालेले. साखर वाढली की मगजातून या पेशींना बाहेर काढणारी यंत्रणा मंदावते, नायट्रिक ऑक्साइड नावाचा निरोप्या कमी पडतो, असं दिसतं. साखर हे एकटंच कारण नसेल, वजन आणि रक्तदाबही सोबत असतातच. पण रिपोर्टवर 'पास' लिहिलेलं असताना छपरावर माणसं कमी असतात, एवढं मला पुरेसं वाटलं.

आईची टाच आठवते ना रे तुला? चपलेचा खिळा लागला होता, एवढीशी जखम. आपण हळद लावली, मलमं लावली, डॉक्टर बदलले. चार महिन्यांनी बोट काढावं लागलं. तिच्या नसा बधिर झाल्या होत्या, रक्तपुरवठा कमी होता, कारणं अनेक. पण "जखम भरतच नाही गं" हे तिचं वाक्य मला हे सगळं वाचताना सारखं ऐकू येत होतं. तिलाही आधी कित्येक वर्षं 'थोडी साखर आहे' एवढंच सांगत होते.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. ३५ मार्कांवाल्या मुलाला मी कधी घाबरवलं नाही, फक्त त्याला मागच्या बाकावरून पुढे आणून बसवलं. काठावरून मागे येता येतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये आपल्याच लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काठावरच्यांपैकी नेहमीचाच सल्ला मिळालेल्या १०० जणांत सुमारे ५५ जण तीन वर्षांत मधुमेही झाले, चालणं आणि खाणं नीट बदलायला लावलेल्या १०० जणांत सुमारे ३९. आणि नियमित व्यायामाने रक्तातल्या या पेशी वाढतात, असं जर्मनीतल्या संशोधकांनी २००४ मध्ये हृदयरुग्णांत दाखवलं आहे.

एक मात्र सांगून ठेवते. 'स्टेम सेल वाढवा' म्हणून पावडरी आणि इंजेक्शनं विकणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. मधुमेहावरचा तो मान्य उपचार नाही.

तेव्हा भाऊराया, जेवणानंतर अर्धा तास चालायचं, भाताची दुसरी वाढ नको, आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. आकडा मला फोनवर सांगायचा. आणि हो, "ताई अजून मास्तरीण आहे" असं वहिनीला म्हणायचं नाही, मला सगळं कळतं!