काट्याची भाषा

आमच्या लहानपणी प्रकृती म्हणजे वजन, असा साधा हिशेब होता. पाहुणे आले म्हणजे प्रथम आमच्या दंडाकडे पाहत. ‘अंग धरलेय’ असे ते म्हणाले की आईचा चेहरा उजळे. ‘वाळला हो’ म्हणाले की त्या रात्री आमच्या पानात तूप दुप्पट पडे. पुढे पुष्कळ इंग्रजी वाचूनही हा हिशेब आमच्या डोक्यातून गेला नाही, याचा प्रत्यय आम्हांस पन्नाशी उलटल्यावर आला.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने आम्हांस गाठले, तेव्हा पहिली चहाडी कमरेच्या पट्ट्याने केली होती. त्याला दोन नवी भोके पाडावी लागली, आणि आम्ही मात्र चहातील साखर सोडल्याचा हा गुण म्हणून स्वतःचे कौतुक करीत होतो! यथावकाश शस्त्रक्रिया झाली, औषधोपचार झाले, आम्ही उठलो. मग काय विचारता! बहिणीकडून डिंकाचे लाडू, सासुरवाडीहून साजूक तूप, शेजारून शिरा. चढलेला प्रत्येक किलो म्हणजे मृत्यूकडून झालेली वसुली, असे आम्हांस वाटे. दीड वर्षात मुद्दल तर परत आलेच, वर नऊ किलो व्याजही जमले.

डॉक्टर म्हणाले, ‘आता थोडे उतरवा.’ अतिरिक्त मेदाचा १३ प्रकारच्या कर्करोगांशी संबंध असल्याचा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१६ साली काढला, आणि त्यांत आमचे आतडेही आहे. बुद्धीला हे पटले. परंतु काट्याने दोन किलो कमी दाखविले, त्या रात्री आम्हांस झोप येईना. कूस वळून पाहतो, तो सौभाग्यवतीही जाग्याच.

‘तुम्ही मुद्दाम उतरवलंय ना?’ त्यांनी हळूच विचारले.

त्या एका ‘मुद्दाम’मध्ये आमच्या घराचे सारे भय साठलेले होते. ज्याने हा रोग पाहिला नाही, त्याला नुसता उतरलेला किलो दिसतो. ज्याने पाहिला, त्याला तो कोणी उतरविला हे आधी विचारावे लागते.

या पेचातून आम्हांस सोडविले ते २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने. मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील, आमच्यासारखेच उपचार झालेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांकडून तीन वर्षे देखरेखीखाली व्यायाम करविण्यात आला. पाच वर्षांनी त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के रोगमुक्त होते. इतरांत हेच प्रमाण सुमारे ७४ टक्के. आणि नवल असे, की दोन्ही गटांच्या वजनांत म्हणण्याजोगा फरक पडलेला नव्हता! काट्याला ज्याचा पत्ता लागत नाही, असेही काही हिताचे शरीरात घडते तर!

तेव्हापासून काट्यावर उभे राहणे तीन महिन्यांतून एकदा, तेही डॉक्टरांच्या खोलीत. रोज पहाटे मात्र आम्ही उभयता टेकडी चढतो. बहिणीचे लाडू अजून येतात. एक आम्ही खातो, बाकीचे टेकडीवरील मंडळींत वाटतो. परवा तेथे एक जुने स्नेही भेटले आणि आम्हांस न्याहाळून म्हणाले, ‘वाळलात हो!’

आमच्या तोंडून शब्द निघण्यापूर्वीच सौभाग्यवती उत्तरल्या, ‘मुद्दाम!’