फुरशाचा अर्ज

प्रमुख संशोधक कोण, या रकान्यापाशीच मी अडलो. मी बी.कॉम.; रत्नागिरीजवळच्या काही वाड्यांनी मिळून चालवलेल्या ट्रस्टचा जमाखर्च बघतो. कलमांच्या बागेत पातेरा गोळा करताना फुरसं, म्हणजे आमच्याकडचा विषारी साप, चावतं, हे कळायला संशोधक कशाला?

पण आयसीएमआरकडून, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडून, संशोधनासाठी पैसे हवे असतील, तर डीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची, मान्यता नसलेल्या स्वयंसेवी संस्थेला थेट अर्ज करता येत नाही. जोडीला वैद्यकीय महाविद्यालयासारखी पात्र संस्था हवी. रत्नागिरीत शासकीय महाविद्यालय 2023 साली सुरू झालं, म्हणून ओळखीच्या एक डॉक्टर मॅडम तरी सापडल्या. त्यांनी सांगितलं, ‘स्मॉल ग्रँट’साठी अर्ज करू. स्मॉल म्हणजे दोन कोटींपर्यंत! आमच्या वार्षिक सभेत चहाच्या बिलावरून भांडणं होतात.

हिशेबाचा भाग मला जमला. विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे जीएफआर 12-अ हा सरकारी नमुना. अनुदानावर मिळालेलं व्याजही सरकारला परत. गोंधळ झाला तो ‘समुदायाचा सहभाग’ इथे. माणसं येत होती ती फक्त संमतिपत्रावर, आणि अंगठा असेल तर शेजारी निष्पक्ष साक्षीदार.

मॅडमनी डहाणूचं काम वाचायला दिलं. आयसीएमआरच्या मुंबईतल्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने तिथे सर्पदंशाबद्दल आदिवासी रहिवाशांना, सरकारी डॉक्टरांना आणि भगतांनाही, म्हणजे गावच्या मांत्रिकांनाही, विचारलं होतं. भगताला वगळलं नाही, हे मला फार आवडलं. नुसतं मारून भागत नाही, लोकांना विचारावं लागतं: आमच्याकडे इंग्रज सरकारने फुरसी मारायला बक्षीस लावलं, तेव्हा 1862 च्या डिसेंबरात आठ दिवसांत लाखावर मारली गेली. फुरसी काही संपली नाहीत.

वाडीच्या बैठकीत आबांनी विचारलं, “पैसे आले तर आपल्या दवाखान्यात इंजेक्शन राहील का?” मॅडम म्हणाल्या, “नाही आबा, ती खरेदी आरोग्य खात्याची.” आबा गप्प बसले नाहीत. “मग चावल्यापासून इंजेक्शन मिळेपर्यंतचा वेळ कुठे जातो, तेवढं तरी लिहा. रिक्षा शोधण्यात, भगताकडे, की एका दवाखान्यातून दुसरीकडे धाडण्यात?” मॅडमनी तोच प्रश्न अर्जात घातला. माझ्या मते अख्ख्या अर्जातला सगळ्यात बरा प्रश्न तोच आहे.

मुलाखतीसाठी गड्याचा रोज बुडाला तर भरपाई देता येते. मात्र ती आमिष वाटेल इतकी नको. रक्कम नैतिकता समिती तपासणार. किती धरायची, यावर वाडीत अजून वाद चालू आहे.