पैनगंगेच्या अलीकडे

यवतमाळहून उमरखेडच्या एसटीत बसलं की आर्णीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटीच पऱ्हाटी. दिवाळी नुकतीच उलटली होती. कमरेला ओटी बांधून बाया वेचणी करत होत्या आणि धुऱ्यावर गाठोड्यांची रास वाढत होती. कापूस इथला जुनाच. पण अख्खा मुलूख त्याच्या हवाली झाला तो इंग्रजी अमलात.

इंग्रजांच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापायी हैदराबादचा निजाम कर्जात बुडाला आणि 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा त्यांची नजर या काळ्या मातीवर खिळली. 1864 मध्ये या भागाचा वेगळा जिल्हा झाला. पुढे त्याला वणीचं नाव मिळालं, कचेऱ्या मात्र यवतमाळला राहिल्या. 1905 मध्ये दारव्हा आणि पुसद जोडून त्याचा यवतमाळ जिल्हा केला. कापूस बैलगाड्यांनी धामणगावच्या स्टेशनावर जाई. नंतर किलिक निक्सन कंपनीची शकुंतला यवतमाळहून मूर्तिजापूरला 113 किलोमीटर धावू लागली. आज ती बंद आहे.

महागावच्या बाजूला गावांच्या नावांपुढे ‘इजारा’ दिसू लागतो. ओसाड जमिनी लागवडीखाली आणायच्या म्हणून 1865 च्या नियमांनी अख्खी गावंच्या गावं मुदतीच्या पट्ट्याने इजारदारांना दिली गेली. सरकारी दप्तरात ओसाड लिहिलेल्या या रानात गोंड, कोलाम आणि आंध वावरत होते, बंजाऱ्यांची गुरं चरत होती. लमाणांच्या बैलांवरचा मालवाहतुकीचा धंदा आगगाडीने खाल्ला आणि तांडे एकेका ठिकाणी स्थिरावले. अशाच एका तांड्यातून, पुसदजवळच्या गहुलीतून, पुढे वसंतराव नाईक मुख्यमंत्रिपदापर्यंत पोचले. कोलामांचे पोड, म्हणजे त्यांच्या वस्त्या, मात्र डोंगराच्या कडेला सरकत गेले. या जिल्ह्याचा इतिहास सांगताना इजारदार आठवतात, पण ज्यांची रानं गेली त्यांची नावं कुठेच सापडत नाहीत, हे मला फार लागतं.

उमरखेड मागे टाकून मार्लेगावच्या पुलावर उतरलो. खाली पैनगंगा, खडकांमधून वाट काढणारी. पलीकडे हदगाव तालुका, नांदेड जिल्हा. जुनी माणसं निजामाच्या त्या मुलखाला अजून मोगलाईच म्हणतात. 1902 मध्ये कर्झनने वर्षाला 25 लाखांच्या बोलीवर वऱ्हाड कायमचं भाडेपट्ट्याने घेतलं, तरी कागदावर मालक निजामच राहिला. म्हणजे नदीच्या दोन्ही काठांचा धनी एक, पण पोलीस वेगळे, कायदे वेगळे.

पुलाशी गुरं राखणाऱ्या आजोबांना विचारलं, “तिकडं सोयरीक असंल?”

“माही आजी तिकडचीच. रजाकाराच्या वक्ताला तिचे भाऊ राती नदी उतरून आले, ते आमच्याच घरी राह्यले.”

उमरखेडला तेव्हा हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांचा तळ होता. एका घरात आसरा आणि दुसऱ्या घरात दुखवटा, असे ते महिने. सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राज्य संपलं, तेव्हा कुठे नदीचे दोन्ही काठ एकाच देशात आले.

परतताना पुसदची गाडी धरली. वाटेतलं सागाचं रान राखीव झालं, तेव्हा गवताच्या पेंढीलाही सरकारी परवाना आला होता. 1930 मध्ये देशभर मिठाचा कायदा मोडला जात होता, पण मीठ पिकवायला समुद्र इथून शेकडो कोस दूर. म्हणून वणीत जन्मलेल्या बापूजी अण्यांनी 10 जुलै 1930 रोजी पुसदला राखीव जंगलात विळा चालवला आणि अटक करवून घेतली. मिठाच्या सत्याग्रहाची हकिगत देशभर शिकवली जाते. पण ज्याच्या दावणीला बैल उभा आहे, त्याला गवताची बंदी काय असते हे शिकवावं लागत नाही. म्हणूनच त्या पावसाळ्यात विदर्भातली माणसं विळे घेऊन अण्यांच्या मागे जंगलात शिरली.