‘साथ’ या संज्ञेविषयी

ऑर्नेट कोलमन यांच्या ‘फ्री जॅझ’चे ध्वनिमुद्रण डिसेंबर १९६० मध्ये न्यू यॉर्क येथे झाले. सुमारे ३७ मिनिटांच्या या सलग वादनात दोन चौकड्या एकाच वेळी वाजवतात. डाव्या कानाशी बिली हिगिन्स, उजव्या कानाशी एड ब्लॅकवेल ड्रम वाजवीत असतात. ठुमरीवर कान घडलेला मराठी श्रोता येथे सवयीने समेची वाट पाहतो आणि चुकतो. गती आहे, परंतु आवर्तन नाही. साहजिकच परतण्याचे ठरलेले ठिकाणही नाही. मग ड्रमवादक ‘साथ’ करतो ती कोणाची?

या संज्ञेत आपण दुय्यमत्व गृहीत धरतो. वस्तुतः ठुमरीच्या अखेरीस गायिका मुखडा घोळवीत राहते आणि तबल्याची लग्गी पुढे येते. आवर्तनाची खूण तिच्याकडे जाते, बोलणे तबल्याकडे. ही अदलाबदल अर्थात तात्पुरती असते. कोलमन यांनी तिलाच रचनेचे तत्त्व केले. कोणीही एक पुढे आला तरी इतर वाद्ये मध्येच बोलतात, आणि ड्रमवादकांचीही पाळी येते.

या वाद्यवृंदातील डॉन चेरी पुढे त्रिलोक गुर्टू यांच्या ‘उस्फ्रेट’ (१९८८) या ध्वनिमुद्रणात भेटतात. तेथे गातात त्या त्रिलोक यांच्या मातोश्री, बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू. जमिनीवर बसून तबला आणि ड्रम एकत्र वाजविणारा मुलगा येथे आईचा साथीदार आहे आणि वृंदाचा प्रमुखही. ‘साथ’ची जुनी व्याख्या या नात्याला अपुरी पडते, ती मराठी संगीतसमीक्षेने नव्याने करावयास हवी.